अलायन्स का फुटते? अवकाश-स्ट्रॅटेजी खेळताना या चुका टाळा

ईव्ह ऑनलाइन घ्या, ओगेम घ्या, नेपच्यून्स प्राइड घ्या, नाहीतर मित्रांबरोबर लावलेला स्टेलारिसचा सामना घ्या. जहाजं कमी पडली म्हणून हरणारे थोडे, आणि शेजारी फिरला म्हणून हरणारे पुष्कळ. आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींत हे खेळ मनापासून खेळणारे बरेच आहेत, आणि सामना संपल्यावर चर्चा एकाच वाक्यावर येऊन थांबते: "त्याने दगा दिला." हे वाक्य मला अपुरं वाटतं. दगा होण्याआधी तो होऊ शकेल अशी जागा आपणच बहुतेक वेळा मोकळी सोडलेली असते, आणि ती जागा आधी बुजवता येते.

सगळ्या किल्ल्या एकाच्या हातात देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

ईव्ह ऑनलाइन २००३ च्या मे महिन्यात आइसलंडच्या सीसीपी कंपनीने सुरू केला. त्यात खेळाडू आपापले गट, म्हणजे कॉर्पोरेशन, बनवतात आणि कॉर्पोरेशनं मिळून अलायन्स होते. अलायन्सचा कारभार त्यातलं एकच कॉर्पोरेशन बघतं, त्याला एक्झिक्युटर म्हणतात. २००९ च्या फेब्रुवारीत बँड ऑफ ब्रदर्स या त्या काळच्या बलाढ्य अलायन्सच्या एक्झिक्युटर कॉर्पोरेशनमधला एक डिरेक्टर फितूर होऊन गूनस्वार्म या शत्रूला मिळाला. त्याने मोठं युद्ध केलं नाही की गोळी झाडली नाही. डिरेक्टर म्हणून हातात असलेले हक्क वापरून त्याने अलायन्सच विसर्जित केली. अलायन्सच्या नावावर असलेला प्रदेशावरचा ताबा त्याबरोबर गेला, आणि विरोधकांनी ते नाव स्वतः नोंदवून टाकल्यामुळे जुन्या नावाने पुन्हा उभं राहणंही जमलं नाही. वर्षांची मेहनत काही क्लिकमध्ये संपली.

यात फितुराच्या स्वभावाची चर्चा करण्यात अर्थ नाही. एका माणसाच्या एका निर्णयाने सगळं बंद पडू शकतं, अशी रचना तिथे होती. सोसायटीच्या बँक खात्यावर दोन सह्या लागतात त्या अध्यक्ष चोर असतो म्हणून नव्हे. खेळात मात्र आपण "अरे, आपलाच माणूस आहे" म्हणून पाच-सहा जणांना डिरेक्टर करून मोकळे होतो.

आज संध्याकाळीच हे करा. डिरेक्टर किती आहेत ते मोजा. त्यातला कोण महिनाभर लॉगिन झालेला नाही ते पाहा आणि त्याचा हक्क काढून घ्या. वाईट वाटेल म्हणून ठेवू नका, परत आल्यावर देता येतो. हँगरची, म्हणजे सामायिक गोदामाची, विभागणी करा: रोजच्या जहाजांचा कप्पा सगळ्यांना, महागड्या मालाचा दोघांना. एक्झिक्युटर कॉर्पोरेशन लहान ठेवा, त्यात भरती करू नका. आपण जिथे गप्पा मारतो त्या डिस्कॉर्ड अ‍ॅपचं अ‍ॅडमिनपद हीसुद्धा किल्लीच आहे, आणि ती वाटताना लोक सगळ्यात जास्त गाफील असतात. सगळ्या योजना, सगळे नकाशे तिथेच तर पडलेले असतात.

आणि स्वतःचा पासवर्ड "रात्री माझी जहाजं बघ रे" म्हणून कुणाला देऊ नका. ईव्हमध्ये खातं वाटून वापरणं नियमातच बसत नाही. दगा झाला तर तक्रार करायलाही तोंड उरत नाही.

कष्टाळूपणालाच विश्वास समजणं

२००५ मध्ये गायडिंग हँड सोशल क्लब या भाडोत्री गटाने उबिक्वा सेराफ नावाच्या कॉर्पोरेशनमध्ये आपली माणसं पेरली. सुमारे वर्षभर ती तिथे राहिली, कामं केली, बढत्या घेतल्या. ठरलेल्या दिवशी प्रमुखाचं जहाज फोडलं आणि गोदामं एकाच वेळी रिकामी केली. नुकसान ३० अब्ज इस्कचं (इस्क म्हणजे खेळातलं चलन) होतं, त्या वेळच्या हिशेबाने सुमारे १६,५०० डॉलर.

ती माणसं आळशी किंवा संशयास्पद असती तर वर्षभर टिकलीच नसती. म्हणून नव्या माणसावर पाळत ठेवा, असा सल्ला मी देत नाही. अशा वातावरणात चांगली मुलं टिकत नाहीत. कामापुरता हक्क द्या, एवढंच. खाणकाम बघणाऱ्याला खाणीचा कप्पा, फ्लीट, म्हणजे लढाऊ ताफा, चालवणाऱ्याला फ्लीटची जहाजं. आवडता माणूस म्हणून जादा काही नाही. हा नियम सगळ्यांना सारखा असला की मागणाऱ्यालाही अपमान वाटत नाही.

"आपण मित्र आहोत ना" यावर थांबणं

नेपच्यून्स प्राइडमध्ये जहाजं तासन्‌तास प्रवास करतात आणि एक सामना आठवडे चालतो. कॅरिअर, म्हणजे जहाजं वाहून नेणारा ताफा, एकदा ताऱ्यावरून निघाला की पुढच्या ताऱ्यावर पोचेपर्यंत त्याला वळवता येत नाही. त्यामुळे गैरसमज झाला तर तो सुधारायलाही वेळ नसतो. आमच्या ओळखीतल्या एका सामन्यात तुकोगंजचा एक जण आणि रामबागेतली एक ताई शेजारी होते. दोघांत "युती" होती. त्याच्या मते युती म्हणजे एकमेकांना हात लावायचा नाही. तिच्या मते युती म्हणजे हल्ला झाला तर धावून यायचं. तिसऱ्याने तिचे तारे घ्यायला सुरुवात केली, हा स्वस्थ बसला. तिने त्याला दगाबाज म्हटलं आणि पुढे बरेच दिवस दोघं बोलले नाहीत. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते.

हात न लावण्याचा करार वेगळा, एकत्र बचावाचा वेगळा आणि एकत्र जिंकायचा वेगळा. कुठला, ते लिहून काढा. संदेश असा असू द्या:

"ताई, मधले तीन तारे कुणीच घ्यायचे नाहीत. तुझ्यावर हल्ला झाला तर मी जहाजं देणार नाही, पण वेपन्सचं संशोधन देईन. माझे कॅरिअर तुझ्या सीमेजवळून गेले तर आदल्या रात्री कळवीन. करार मोडायचा झाला तर दोघांनीही ४८ तास आधी सांगायचं."

यातलं शेवटचं वाक्य लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच आहे. मोडण्याची रीत आधी ठरली की मोडणारा गुपचूप मोडत नाही, कारण त्याच्याकडे इज्जतीने बाहेर पडायचा रस्ता असतो.

जुना हिशेब न मिटवता युती करणं

इंदूरकरांना हे मुद्दाम सांगायला नको, तरी सांगतो. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांच्या फौजेने शिंद्यांच्या उज्जैनवर हल्ला करून शहराकडून जबर खंडणी वसूल केली. ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने सर्जेराव घाटग्यांच्या हाताखाली इंदूर लुटलं. पुढच्या वर्षी हडपसरला होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत इंग्रजांशी तह करून बसले. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढायला उभे राहिले तेव्हा होळकर बाजूला राहिले. २३ सप्टेंबरला असईची लढाई गेली. होळकर १८०४ मध्ये स्वतः लढायला उतरले, तोवर शिंदे तहाने बांधले गेले होते. तिघांचा शत्रू एकच होता, पण तिघं एका वेळी कधीच उभे राहिले नाहीत.

समान शत्रू आहे एवढ्यावर युती टिकेल असं धरणारे खेळाडू मी सतत पाहतो. मागच्या महिन्यात ज्याची ठाणी जाळली त्याला आज "मोठं संकट आलंय, विसरून जा" म्हणून चालत नाही. तो हो म्हणेल, ब्लू करेल (म्हणजे यादीत तुम्हाला मित्र म्हणून नोंदवेल), आणि ऐन वेळी त्याचं फ्लीट निघायला उशीर होईल. आधी काहीतरी परत द्या: घेतलेला एखादा तारा, जळालेल्या जहाजांचं इस्क, नाहीतर ज्या खाणीवरून भांडण झालं ती खाण. सगळ्यांसमोर द्या, म्हणजे त्याच्या माणसांनाही ते दिसेल. नेत्यांचं पटलं आणि खालच्यांचं नाही, अशी युती पहिल्या मोठ्या लढाईत उघडी पडते.

घड्याळ न बघता दगा ठरवणं

ईव्हचं घड्याळ यूटीसीवर चालतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. सर्व्हर रोज ११ वाजता बंद होतो तेव्हा इंदुरात दुपारचे साडेचार असतात. युरोपची संध्याकाळ म्हणजे आपले रात्री साडेअकरा ते पहाटे साडेतीन. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन माणूस घरी परततो तेव्हा तिकडे खरी गर्दी सुरू होते. अमेरिकेची संध्याकाळ आपल्या सकाळी साडेपाच ते साडेनऊमध्ये येते. तुमच्या ठाण्याचा टायमर, म्हणजे त्यावर हल्ला करता येण्याची ठरलेली वेळ, संध्याकाळी आठला उघडला आणि जर्मन मित्र आला नाही, तर तो त्या वेळी ऑफिसात बसलेला आहे. करार करतानाच विचारा: तुझे किती लोक कुठल्या वेळी हजर असतात? ज्या वेळेला कुणीच नाही, त्या वेळेला तुमच्याकडे युती नाही असंच धरून टायमर लावा.

चूक आणि दगा यांत गल्लत

२०१४ च्या जानेवारीत बी-आर-फाइव्ह-आर-बी या ताऱ्याजवळ ईव्हमधली प्रसिद्ध लढाई झाली. एकवीस तास चालली आणि ७५ टायटन, म्हणजे खेळातली सगळ्यात मोठी जहाजं, फुटले. ती सुरू झाली ती त्या ठाण्याच्या ताब्याचं ठरलेलं बिल वेळेवर भरलं गेलं नाही म्हणून. त्याआधी वर्षभर, २०१३ च्या जानेवारीत, असाकाईला एका टायटनच्या चालकाने फ्लीटला दूरच्या ताऱ्याकडे पाठवणारा पूल उघडायच्या ऐवजी स्वतःच उडी मारली, एक चुकीचं बटण, आणि हजारो खेळाडू तिथे येऊन भिडले.

म्हणून ताबा गेला, गेट बंद झालं, मित्राचं जहाज तुमच्यावर झाडून गेलं, तर आधी खाजगीत एक प्रश्न विचारा: "भिया, हे ठरवून केलं की चुकून?" चुकलेला माणूस लगेच बोलतो, भरपाईचा विषय स्वतः काढतो. ठरवून केलेला उत्तर लांबवतो, नाहीतर खूप लांबलचक कारणं देतो.

खरा दगा जवळ आल्याच्या खुणा वेगळ्या असतात, आणि एकट्या खुणेवर जाऊ नका. सीमेवर कारण नसताना जहाजं जमतात. संशोधन मागणं अचानक वाढतं. तुम्ही झोपता कधी, बाहेरगावी जाणार कधी, याची चौकशी होते. तुमचा शत्रू त्याच्यावर हल्ले करायचं थांबवतो. ही खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते. दोन-तीन एकत्र दिसल्या तर सीमेवरचं बळ वाढवा आणि तसं त्याला सांगाही. आधीच वार करण्याचा मोह मात्र आवरा. संशयाने केलेला पहिला वार बाकीच्या सगळ्या शेजाऱ्यांना तुमच्याविरुद्ध कारण देतो.

शेवट जवळ आल्यावरही तोच करार चालू ठेवणं

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणक प्रोग्रॅमांची एक स्पर्धा घेतली. त्यात प्रत्येक फेरीत सहकार्य करायचं की दगा द्यायचा, ते निवडायचं होतं. अनातोल रॅपोपोर्ट यांचा अगदी छोटा प्रोग्रॅम जिंकला: पहिल्यांदा सहकार्य, मग समोरचा जे करेल तेच परत. हे चालतं ते पुढेही भेटायचं आहे म्हणून. नेपच्यून्स प्राइडमध्ये अर्धे तारे ज्याच्याकडे तो जिंकतो. तुम्ही किंवा तुमचा साथीदार त्या आकड्याच्या जवळ पोचलात की पुढची भेट उरत नाही, आणि दुसऱ्याला फिरण्याचं कारण मिळतं. त्या टप्प्याच्या बरंच आधी बसून ठरवा: पहिला कोण, दुसरा कोण, की इथून पुढे दोघं मोकळे. ईव्हसारख्या न संपणाऱ्या खेळात हा प्रश्न उरत नाही. तिथे नाव खराब झालं की वर्षांनुवर्षं पुरतं.

दगा झाल्यावर पहिल्या तासात

ओरडू नका. आधी हक्क काढा: डिरेक्टरपद, हँगर, डिस्कॉर्ड, याच क्रमाने. मग उरलेलं मोजा आणि सदस्यांना दोन ओळींत खरं काय ते सांगा, कारण अफवा सुटली की चांगली माणसंही जहाजं घेऊन निघून जातात. उरलेल्या मित्रांना एकेकाला भेटा. ते घाबरलेले असतात, त्यांना तुमच्याकडून पुढची योजना ऐकायची असते.

खेळातला राग खेळाबाहेर नेऊ नका, हे कळकळीने सांगतो. २०१७ मध्ये सर्कल-ऑफ-टू या ईव्हमधल्या अलायन्सला तिच्याच वरिष्ठ माणसाने विकलं. त्यानंतर तिच्या प्रमुखाने चॅटमध्ये त्याला खऱ्या आयुष्यातल्या इजेची धमकी दिली, आणि सीसीपीने प्रमुखाचंच खातं बंद केलं. खेळातली फसवणूक नियमात बसत होती, धमकी बसत नव्हती. दगा सोसलेल्याच्या हातून लढायची जागाही गेली.

फिरलेला माणूस काही महिन्यांनी परत यायचं म्हणाला, तर दार लावू नका. लहान गावात आणि लहान सर्व्हरवर माणसं मोजकीच असतात. त्याला साधा सदस्य म्हणून घ्या, कुठलाही हक्क न देता. जुन्या मालातलं काय परत करणार, ते आधी लिहून घ्या. आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना विचारल्याशिवाय होकार देऊ नका.