स्पोर्ट्स कारचं कूलंट: कोणतं निवडावं आणि कसं बदलावं

कूलंट विकत घेताना सगळ्यात आधी रंगाकडे दुर्लक्ष करा. हिरवा, गुलाबी, निळा, केशरी हे रंग उत्पादक वरून घालतात आणि कुठला रंग कशाला, याचा सगळ्यांना बांधील असा नियम नाही. दोन गुलाबी कॅनमध्ये दोन वेगळी रसायनं असू शकतात.

बहुतेक कूलंटचा पाया सारखाच असतो: पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल, क्वचित प्रोपिलीन ग्लायकॉल. खरा फरक गंजरोधक घटकांत आहे; त्यांवरून आयएटी, ओएटी आणि एचओएटी असे तीन प्रकार पडतात. जुन्या पद्धतीच्या आयएटी कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेटसारखे अजैविक क्षार असतात. ते धातूवर झटपट संरक्षक थर चढवतात, पण लवकर संपतात, म्हणून साधारण दोन वर्षांत बदलावे लागतात. ओएटीमधले सेंद्रिय आम्लांचे क्षार सावकाश काम करतात आणि पाच वर्षं किंवा त्याहूनही जास्त टिकतात. एचओएटी म्हणजे या दोन्हींचा मेळ. त्यातही जपानी कंपन्यांचा ओढा फॉस्फेटकडे असतो, तर युरोपीय कंपन्या कठीण पाण्यात फॉस्फेटचा क्षार साचतो म्हणून ते टाळत आल्या आहेत. त्यामुळे मॅन्युअलमध्ये दिलेला मानकाचा क्रमांक शोधा आणि तोच कॅनवर छापलेला आहे का ते पाहा. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांसाठी तो ‘टीएल ७७४’ मालिकेतला असतो. ‘सर्व गाड्यांसाठी चालेल’ असं लिहिलेलं कूलंट अडीअडचणीला थोडं वर भरायला ठीक. ॲल्युमिनियमच्या महागड्या इंजिनात संपूर्ण बदल करताना मी ते वापरणार नाही.

प्रमाणाबद्दलही एक गैरसमज आहे. ग्लायकॉल जितकं जास्त तितकं चांगलं, असं नसतं. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल मात्र उणे १३ च्या आसपासच गोठतं. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. जिथे कडाक्याची थंडी पडत नाही तिथे मॅन्युअल परवानगी देत असेल तर ४० टक्के ग्लायकॉल पुरतं. त्याखाली उतरलात की गंजरोधक घटकही पातळ होतात. पाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) किंवा क्षारमुक्तच हवं, नळाचं नको.

ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांनी आयोजकांचे नियम आधी वाचावेत. सांडलेलं ग्लायकॉल रस्ता निसरडा करतं आणि लवकर वाळत नाही, म्हणून अनेक ठिकाणी त्याला बंदी असते. तिथे ऊर्ध्वपातित पाण्यात गंजरोधक मिसळून काम भागवतात. अशी गाडी गोठवणाऱ्या थंडीत उभी ठेवायची नाही, एवढं पथ्य. पाणीविरहित कूलंटची जाहिरात १८० अंशांच्या आसपासच्या उत्कलनबिंदूवर चालते. ते उकळत नाही हे खरं, पण उष्णता कमी वाहून नेतं आणि ते भरण्याआधी पाण्याचा थेंब न् थेंब काढावा लागतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा खटाटोप मला पटत नाही.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, शक्य तर रात्रभर. निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास असतो. कूलंटच्या टाकीचं झाकण बंद असताना साधारण एक बार दाबाखाली तो १२५ च्याही पुढे जातो. इंजिन गरम असताना हे झाकण उघडणं म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडण्यासारखं आहे. दाब सुटताच कूलंट जागीच उकळून अंगावर येतं.

स्पोर्ट्स कार जमिनीलगत असल्याने साधा जॅक बऱ्याचदा आत शिरत नाही. चाकं आधी लाकडी फळ्यांवर चढवा, मग उत्पादकाने दाखवलेल्या जागीच उचला आणि जॅक स्टँड लावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. खालचं प्लास्टिकचं आवरण काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रुंद भांडं सरकवा आणि टाकीचं झाकण उघडून रेडिएटरचा ड्रेन प्लग सोडा. प्लग नसेल तर खालचा होज पाईप काढा. तो चिकटलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलात तर रेडिएटरची प्लास्टिकची नळी तुटते, म्हणून आधी गोल फिरवून सैल करा. इंजिन ब्लॉकलाही अनेकदा वेगळे प्लग असतात, आडव्या सिलिंडरच्या इंजिनात बहुधा दोन्ही बाजूंना. ते न उघडता केलेला बदल अर्धाच. बसवताना वॉशर नवे घाला.

निघालेलं कूलंट नीट पाहा. तांबूस-तपकिरी असेल तर आत गंज आहे. दुधाळ असेल किंवा वर तेलाचा तवंग असेल तर काम तिथेच थांबवा. हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सील) किंवा ऑइल कूलर तपासल्याशिवाय नवीन कूलंट ओतणं वाया जाणार.

ऊर्ध्वपातित पाणी भरून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच करत राहा. यानंतर बहुतेक जण हिशोबात चुकतात. समजा क्षमता १२ लिटर आहे आणि बाहेर आलं फक्त ८ लिटर. म्हणजे ४ लिटर पाणी आतच आहे. आता ८ लिटर निम्मं-निम्मं तयार मिश्रण ओतलंत तर १२ लिटरमध्ये ग्लायकॉल फक्त ४ लिटर, म्हणजे जेमतेम ३३ टक्के. म्हणून धुतल्यानंतर तयार मिश्रण नको, तीव्र, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घ्या: आधी ६ लिटर तेच ओता आणि उरलेली जागा ऊर्ध्वपातित पाण्याने भरा. थर्मोस्टॅट किंवा टाकीचं झाकण जुनं असेल तर तेही याच वेळी बदला.

स्पोर्ट्स कारची खरी परीक्षा भरताना असते. इंजिन मध्ये किंवा मागे आणि रेडिएटर पुढे असला की पाईप गाडीच्या पोटाखालून लांबवर जातात आणि वळणावळणाला हवा अडकते. पोर्शे ९११ सारख्या गाडीत, जी १९९७ मध्ये आलेल्या ९९६ पिढीपासून पाण्याने थंड होते, नुसतं वरून ओतून भागत नाही. अशा गाड्यांसाठी कॉम्प्रेसरवर चालणारं व्हॅक्यूम फिलर वापरणं उत्तम. ते आधी आतली हवा खेचून घेतं; त्याचा काटा काही मिनिटं स्थिर राहिला तर गळती नाही हेही कळतं. मग झडप उघडली की कूलंट आपोआप ओढलं जातं. हे साधन नसेल तर पुढची बाजू उंच ठेवा, सावकाश ओता आणि हवा सोडण्याच्या ब्लीड स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहा. विजेवर चालणाऱ्या वॉटर पंपाच्या गाड्यांत, उदाहरणार्थ अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये, हवा काढण्यासाठी पंप चालवण्याचा ठरावीक क्रम असतो. तो मॅन्युअलमधून घ्या. टर्बो गाडीत इंटरकूलरचं सर्किट वेगळं असू शकतं. त्याची टाकी वेगळी आणि हवा काढणंही वेगळं.

इंजिन गरम होत असताना हीटर चालू ठेवा. थंड हवा येत असेल किंवा डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल तर आत हवा आहे. डॅशवरच्या तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नका: अनेक आधुनिक गाड्यांत तो बऱ्याच मोठ्या टप्प्यात मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं उपकरण) खरे अंश पाहा. रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद व्हायला हवा. मग थंड इंजिनवर पातळी तपासा, कमी असेल तर भरा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर हे पुन्हा करावं लागतंच. रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण मोजताना पट्टी तुमच्या ग्लायकॉलचीच वाचा, इथिलीन आणि प्रोपिलीनच्या पट्ट्या वेगळ्या असतात.

इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही मरू शकतात, म्हणून सांडलेलं लगेच पुसा आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. जुनं कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नका. झाकणबंद कॅनमध्ये भरून वर नाव लिहा आणि वापरलेली वाहनद्रव्यं स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या. तेलाबरोबर मात्र एकाच कॅनमध्ये मिसळू नका, नाहीतर ते दोन्ही परत पाठवतील.