ए लायसन्स मिळाल्यानंतरच्या पहिल्या ७५ उड्या

अमेरिकेत विमानातून छत्री (पॅराशूट) घेऊन उडी मारण्याच्या, म्हणजे स्कायडायव्हिंगच्या, अनेक मैदानांवर (ड्रॉपझोनवर) २५ उड्या आणि परीक्षा पूर्ण झाली, म्हणजेच ‘ए’ हा पहिला परवाना मिळाला की प्रशिक्षक ‘ए’ अक्षराचा शिक्का कार्डाबरोबर कपाळावरही उमटवतात, आणि त्या संध्याकाळी नव्या लायसन्सधारकाने सर्वांना बिअर पाजावी असा रिवाज आहे. कपाळावरची शाई दोन दिवसांत जाते. खरा बदल पुढच्या शनिवारी जाणवतो. मॅनिफेस्टच्या, म्हणजे उड्यांची नोंदणी होते त्या, खिडकीवर तुम्ही नाव देता, विमानात जागा मिळते, आणि हवेत काय करणार आहात हे विचारणारे कोणीही नसते. शिक्षण किंवा नोकरीच्या निमित्ताने तिकडे राहणाऱ्या आणि या खेळाची गोडी लागलेल्या मराठी मित्रमैत्रिणींसाठी ही माहिती लिहीत आहे. आतापर्यंत जो नकार प्रशिक्षक देत होते, तो यापुढे तुम्हालाच स्वतःला द्यायचा आहे, आणि त्याची तयारी जमिनीवर असतानाच करावी लागते.

सर्वांत अधिक लक्ष उतरण्याकडे द्यावे. नवख्याला फ्रीफॉलच्या, म्हणजे छत्री उघडण्यापूर्वी नुसते पडण्याच्या, ५०-६० सेकंदांची धास्ती वाटते, परंतु या खेळातील कितीतरी गंभीर दुखापती व्यवस्थित उघडलेल्या छत्रीखाली, जमिनीजवळ घेतलेल्या वळणामुळे होतात. वळताना छत्री नाक खाली करते, वेग वाढतो आणि उंची झपाट्याने संपते. पुन्हा सरळ होण्यास जेवढी जागा लागते तेवढी जमिनीजवळ शिल्लक नसते. म्हणून विमानात बसण्यापूर्वी उतरण्याच्या मैदानाच्या कडेला उभे राहून, सहसा १,०००, ६०० आणि ३०० फुटांवर तुम्ही कोणत्या झाडावर, शेडवर किंवा रस्त्यावर असाल हे बोटाने दाखवून ठरवावे, आणि ३०० फुटांखाली मोठे वळण घ्यायचे नाही हे मनाशी पक्के करावे. हवेत खालच्या छत्रीचा हक्क पहिला असतो, हेही विसरू नये.

माझ्या ३१व्या उडीत मी शेवटच्या टप्प्यात असताना वारा फिरला. मैदानातील वाऱ्याची नारिंगी पिशवी एकदा लुळी पडली आणि फुगली ती भलत्याच दिशेला. वळण्यासाठी दोरी ओढायला माझा डावा हात आपोआप खाली येऊ लागला होता. त्या क्षणी सकाळी ठरवलेले आठवले म्हणून हात वर नेला, छत्री समतल ठेवली, आडव्या वाऱ्यातच पूर्ण फ्लेअर केला (वेग कमी करण्यासाठी दोन्ही दोऱ्या एकदम खाली ओढल्या) आणि दोन्ही पाय जुळवून लोळण घेतली. कंबरेवर निळा डाग पडला आणि जंपसूटवर गवताचा हिरवा पट्टा उमटला, तो धुऊनही गेला नाही. वळण पूर्ण करण्याचा मोह किती स्वाभाविक असतो हे तेव्हा कळले. वाऱ्याच्या चुकीच्या दिशेने पण सरळ उतरणे हे वाऱ्याच्या योग्य दिशेने पण वळणात आदळण्यापेक्षा शतपटीने बरे. ५० उड्यांनंतर मिळणाऱ्या बी लायसन्ससाठी छत्री चालवण्याचा वेगळा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो शेवटपर्यंत लांबवू नये, तिसाव्या उडीच्या सुमारासच करावा.

स्वतःची रिग, म्हणजे छत्र्या आणि त्या पाठीवर बांधण्याचा संच, घेण्याची घाई अनेकांना असते. छत्रीचा आकार ठरवताना तुमचे वजन अधिक सर्व साहित्याचे वजन पौंडांत घेऊन त्याला छत्रीच्या चौरस फुटांनी भागावे. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन ए लायसन्सधारकाला हे उत्तर १ च्या वर जाऊ देऊ नये असे सुचवते. म्हणजे १६० पौंडांचा माणूस २५ पौंडांच्या साहित्यासह १९० चौरस फुटांच्या छत्रीखाली सुरक्षित मर्यादेत राहतो. स्वस्तात मिळते म्हणून १५० ची छत्री घेणाऱ्याला मी हात जोडून थांबवीन. जुनी रिग घेण्यापूर्वी परवानाधारक रिगरकडून (छत्र्या बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडून) ती तपासून घ्यावी. राखीव छत्री तर दर १८० दिवसांच्या आत परवानाधारक रिगरनेच पुन्हा बांधलेली असली पाहिजे.

मुख्य छत्रीची घडी मात्र स्वतः घालण्यास शिकावे. मुख्य छत्री बाहेर खेचणारी छोटी छत्री, म्हणजे पायलट शूट, ‘कॉक’ केल्याची (फुगण्यासाठी तयार ठेवल्याची) खूण म्हणून त्याच्या पट्टीवर एक लहानशी खिडकी असते. तिच्यातून आतल्या दोरीचा रंग दिसला तरच पुढे जावे. उडीपूर्वी छातीचा पट्टा बकलातून योग्य मार्गाने ओवला आहे ना, मुख्य छत्री सोडता यावी म्हणून खांद्यांजवळ असलेल्या तिहेरी कड्या नीट बसल्या आहेत ना, पिन आणि हँडल जागेवर आहेत ना आणि छत्री आपोआप उघडणारे यंत्र सुरू आहे ना, हे रिग चढवण्यापूर्वी, विमानात बसण्यापूर्वी आणि दार उघडण्यापूर्वी असे तीनदा पाहावे. पाठीवरची पिन दुसऱ्याकडून तपासून घेण्यात संकोच बाळगू नये.

बाहेर पडण्याच्या क्रमालाही कारण असते. पोटावर झेप घेणारे गट हळू पडतात आणि वाऱ्याबरोबर अधिक वाहतात, म्हणून ते बहुधा आधी जातात आणि उभे किंवा डोके खाली करून वेगाने पडणारे फ्रीफ्लायर नंतर. समोरचा वारा जितका जोरदार, तितके विमान जमिनीच्या हिशेबाने संथ चालते आणि तितके दोन गटांतील अंतराचे सेकंद वाढवावे लागतात. आज किती सेकंद, हे चढण्यापूर्वीच विचारावे. एकट्याने उडी मारताना विमानाच्या मार्गाच्या दिशेने सरकू नये, त्याला काटकोनात सरकावे. छत्री ३,००० फुटांच्या वर उघडावी, आणि २,५०० फुटांपर्यंत ती चालवता येण्याजोगी नसेल तर विचार न लांबवता ती सोडून राखीव छत्री उघडावी. मी रोज पहिल्या उडीपूर्वी हँडलकडे पाहून, हात लावून ही कृती पाच वेळा करतो.

कॅमेऱ्याची घाई करू नये. असोसिएशन त्यासाठी २०० उड्या आणि बीनंतरचे सी लायसन्स सुचवते, आणि हातापायांमध्ये कापडी पंख असलेल्या विंगसूटसाठीही २०० उड्या लागतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून मारलेल्या उडीचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी अभिमानाने पाहिले आहे. त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली होती ती २००४ मध्ये. मधल्या चौदा वर्षांचा सराव त्या छायाचित्रात दिसत नाही.

उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बरेच ड्रॉपझोन बंद असतात आणि ए लायसन्सधारकाचा ६० दिवसांचा खंड सहज पडतो. तसा खंड पडला तर पहिली उडी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली घ्यावी. जमल्यास जानेवारीत ॲरिझोनातील इलॉय येथे एक आठवडा काढावा, आणि ते परवडत नसेल तर मार्चमध्ये हंगाम सुरू होण्यापूर्वीच फोन करून पहिल्या शनिवारी प्रशिक्षकाची वेळ मागून ठेवावी, कारण त्या दिवशी सगळेच तीच वेळ मागत असतात.