थ्रेशरमध्ये हात गेला? रक्त थांबवताना या चुका टाळा

सोयाबीन निघालं की गावोगावी थ्रेशर दिवसरात्र चालतात, अन् कुठं ना कुठं कोणाचा हात नाहीतर दुपट्टा पट्ट्यात जातोच. आधी मशीन बंद करा, हे सांगावं लागतं कारण सगळे माणसाकडंच धावतात. मग कोणीतरी हळद शोधतो. हळद, चुना, चहापत्ती, खर्र्याची तंबाखू, यातल्या कशानंच भळाभळा वाहणारं रक्त थांबत नाही, वरून डॉक्टरला ते धूत बसावं लागते. वावरातला कापूसही घावात कोंबू नका, तंतू चिकटून राहतात.

रक्त थांबते दाबल्यानं. गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड) घ्या, नसला तर धुतलेला दुपट्टा, घावावर ठेवा अन् कोपर सरळ करून अंगाचा भार टाकून दाबा. मांडी-दंडाचा घाव खोल असला तर कापड आत ठासून भरा, मग दाबा (छाती-पोटात नाही ठासायचं). खरी चूक होते ती यानंतर. दोन मिनिटं झाली नाही की "थांबलं का पाहू" म्हणून कापड उचलतात, गोठायला लागलेलं रक्त त्याच्यासोबत निघते, की झालं परत सुरू! दहा मिनिटं उचलायचंच नाही, मोबाईलवर टायमर लावा, कापड भिजलं तर वरून दुसरं ठेवून आणखी जोरात दाबा.

हातापायाचं तरीही थांबेना तर टूर्निकेट, म्हणजे रक्त अडवायला आवळून बांधायची पट्टी. सुतळी, तार नको, कातडी कापते. रुंद पट्टी घावाच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, काडी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा. माणूस ओरडते, दुखणारच ते, पण अर्धवट आवळली तर रक्त आणखी जाते. वेळ लिहून ठेवा अन् दवाखान्यापर्यंत सोडू नका. साप चावल्यावर मात्र असं बांधायचं नाही.

घुसलेलं पातं ओढू नका. चहा-पाणी पाजू नका, ऑपरेशन लागू शकते. 108 ला फोन लावला की एकाला डांबरी रोडवर उभं करा, पांदण रस्त्यानं गाडी वावरापर्यंत येईलच असं नाही.

प्रथमोपचाराच्या पेटीत बँडेडच्या पट्ट्या अन् मलमच भरलेलं असते, काय कामाचं? गॉजचे रोल, रुंद क्रेप बँडेज, ग्लोव्हज, कात्री, टूर्निकेट अन् मार्कर पेन ठेवा, अन् पेटी घरच्या कपाटात नाही, ट्रॅक्टरवर. रेडक्रॉस, सेंट जॉन अॅम्ब्युलन्सवाले ट्रेनिंग देतात, तिथं नुसतं ऐकून येऊ नका, एकमेकांच्या हाताला पट्टी बांधून पाहा.