चालत्या माणसाच्या मेंदूची नोंद घेण्यापूर्वीची तयारी

एफएमआरआय यंत्रात, म्हणजे रक्तप्रवाहातील बदलांवरून मेंदूचे काम टिपणाऱ्या चुंबकीय यंत्रात, माणूस निश्चल पडून असतो, त्यामुळे दिशा ओळखताना मेंदू ज्यांवर विसंबतो ते आंतरकर्णातील तोलाचे आणि मान व पायांच्या स्नायूंचे संकेत तेथे जवळजवळ मिळतच नाहीत. म्हणूनच नाशिकमधील आमच्या चाचणीत स्वयंसेवक ईईजीची, म्हणजे डोक्याच्या त्वचेवरील इलेक्ट्रोडांनी मेंदूचे विद्युत तरंग नोंदवणारी, टोपी घालून सभागृहात प्रत्यक्ष चालतो आणि वळतो.

नैतिकता समितीची मान्यता आणि मराठीतील संमतिपत्र आधीच हाती असावे. स्वयंसेवकाला आदल्या दिवशी दूरध्वनी करून डोक्याला तेल न लावण्यास आणि सकाळी शांपूने केस धुऊन, पूर्ण वाळवून येण्यास आवर्जून सांगावे. आपल्याकडे रोज तेल लावणारे पुष्कळ असतात आणि तेलाच्या थरावर इलेक्ट्रोडखालचे वाहक जेल नीट बसत नाही. अंबाडा किंवा गजराही टोपीखाली अडचणीचा ठरतो, हे संकोच न बाळगता सांगितलेले बरे. डोक्याचा घेर टेपने मोजून टोपीचा आकार निवडावा, नाकाच्या मुळापासून डोक्यामागील उंचवट्यापर्यंतचे आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचे अंतर मोजून मधला बिंदू खुणेने निश्चित करावा, आणि इलेक्ट्रोड व त्वचा यांमधील विद्युतरोध शक्यतो १० किलोओहमच्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नये. एप्रिल-मेमध्ये चाचणी सकाळीच घ्यावी, कारण घामामुळे नोंदीत संथ चढउतार येतात. प्रवर्धक (क्षीण संकेत मोठे करणारे उपकरण) बॅटरीवर चालवावा, विजेची एक्स्टेन्शन बोर्डे चालण्याच्या मार्गापासून दूर ठेवावीत. ५० हर्ट्झचा घरगुती प्रवाह नोंदीत हमखास उतरतो. तारा पाठीवरच्या पिशवीत घट्ट बांधाव्यात, कारण हलणारी तार पावलांच्या लयीत खोटे तरंग निर्माण करते.

सर्वांत अधिक वेळ घड्याळे जुळवण्यासाठी राखून ठेवावा. शरीराची हालचाल टिपणारी यंत्रणा आणि ईईजी यांची घड्याळे हळूहळू एकमेकांपासून सरकतात. एकदा आमचा अख्खा दिवस याच कारणाने वाया गेला, आणि दोन तास तिष्ठत बसलेल्या स्वयंसेवकांपुढे मला फार अपराधी वाटले. तेव्हापासून प्रत्येकाला सुरुवातीला तीन उड्या मारायला सांगतो. या उड्या दोन्ही नोंदींत उमटतात आणि त्यांवरून घड्याळे जुळवता येतात.

सूचनांचे शब्दही आधी ठरवावेत. ‘उजवीकडे वळा’ ही सूचना शरीरावरून दिशा ठरवते, तर ‘पूर्वेकडे वळा’ ही परिसरावरून. त्यांची सरमिसळ झाली तर नेमके काय मोजले हेच कळत नाही. बंद सभागृहातून रामकुंडाकडे बोट दाखवण्याचे काम द्यायचे असल्यास खरी दिशा होकायंत्राने आधी मोजून ठेवावी आणि स्वयंसेवक शहरात किती वर्षे राहतो हेही लिहून घ्यावे. प्रथम दोन मिनिटे डोळे उघडे आणि दोन मिनिटे मिटलेले ठेवून उभ्याने नोंद घ्यावी. डोळे मिटल्यावर मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झचे अल्फा तरंग वाढलेले दिसले नाहीत, तर टोपी पुन्हा तपासावी. टोपी काढण्यापूर्वी त्या तीन उड्या पुन्हा मारून घ्याव्यात.