कायदा जुना झालाय म्हणताय? मग आधी तो नेमका काय आहे ते बघा

आमच्या सांगलीकडं कुणाचं काम अडलं की ठरलेलं वाक्य, "कायदाच जुनाट आहे हो, काढून टाकाय पायजे." बरं, काढायचा कुणी, कसा? विचारलं की सगळे चहात बघत बसतात. मला हे आमच्या तात्यांच्या 11 गुंठ्यांपायी शिकावं लागलं. विहिरीकडेचा उसाचा तुकडा, घेणारा तयार, आणि 2022 ला दस्त नोंदणीच्या खिडकीवर उत्तर मिळालं की प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा (म्हणजे तुकडेबंदीत ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा) कमी आहे, दस्त होणार नाही. तात्या तडक आमदारांना अर्ज लिहायला बसले, "तुकडेबंदी कायदा रद्द करावा".

इथंच चूक होते. तुम्हाला अडवतंय ते अधिनियम आहे, नियम आहे, अधिसूचना आहे का नुसता जीआर (शासन निर्णय), ते आधी शोधा. अधिनियम बदलायला विधिमंडळ लागतं, बाकीचं सरकार मंत्रालयातनंच बदलू शकतं. तुकडेबंदी हा 1947 चा 62 क्रमांकाचा अधिनियम, पण किती गुंठे ते अधिसूचनेत ठरतं. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनं आपल्यासकट 32 जिल्ह्यांत बागायत 10 आणि जिरायत 20 गुंठे केलं आणि तात्यांचे 11 गुंठे बसले की त्यात, अधिनियम काही रद्द झाला नव्हता तरी. मागणी नेमकी असली की निम्मं काम तिथंच होतं.

शोधताना एक गोची आहे. जुन्या कागदावर "मुंबई अमुक अधिनियम" असतं आणि वेबसाइटवर तो सापडतच नाही, कारण 2012 मध्ये बऱ्याच कायद्यांच्या नावातलं मुंबई काढून महाराष्ट्र घातलं. म्हणून नावापेक्षा साल आणि क्रमांक टाकून शोधा, आणि सुधारणांसकटची प्रत घ्या. झेरॉक्सवाल्याकडची वीस वर्षांपूर्वीची प्रत बघून भांडायला जाऊ नका, मी गेलोय.

मग बघा कायदा राज्याचा का केंद्राचा. जमीन हा राज्याचा विषय. पण काही विषय दोघांचे असतात, तिथं केंद्राच्या कायद्याला छेद देणारी सुधारणा राज्यानं केली तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते. बैलगाडा शर्यतीचं तसंच झालं (प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा केंद्राचा), 2014 ला सुप्रीम कोर्टाची बंदी, 2017 ला राज्याची सुधारणा, आणि मे 2023 ला घटनापीठानं ती वैध ठरवेपर्यंत आपल्याकडच्या बैलवाल्यांनी किती तारखा मोजल्या ते त्यांनाच विचारा.

अर्ज कुणाला? ज्याचा कायदा त्या विभागाला, म्हणजे जमिनीचा असेल तर महसूल. लोक विधी व न्याय विभागाला पाठवतात, पण ते मसुदा तपासतात, कायदा ठेवायचा का नाही हे विभाग ठरवतो. अर्जात कलम नंबर, अडचण, आणि त्या जागी काय हवं ते एका पानात लिहा. सोबत आमदारांना प्रत द्या, ते तारांकित प्रश्न टाकू शकतात, लक्षवेधी मांडू शकतात, अशासकीय, म्हणजे सरकारचं नसलेलं स्वतःचं विधेयकसुद्धा आणू शकतात (ती पास होणं म्हणजे दुष्काळात पाऊस, पण सरकारला उत्तर तरी द्यावं लागतं). विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही असते, ती कुणाला आठवतच नाही.

पुढचा रस्ता ठरलेला, विभागाचा प्रस्ताव, विधी विभाग, मंत्रिमंडळ, विधेयक, दोन्ही सभागृहं, राज्यपालांची सही, राजपत्र. अधिवेशन नसेल तर अध्यादेश निघतो, पण सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपला.

आणि रद्द झाला म्हणजे सगळं पुसलं असं समजू नका. निरसनाच्या, म्हणजे कायदा रद्द करायच्या विधेयकात "व्यावृत्ती" नावाचं कलम असतं ते आधी वाचा, कारण जुने व्यवहार, दंड, चालू केसेस यांचं काय होणार ते बहुतेक वेळा तिथंच लिहिलेलं असतं. शहरी जमीन कमाल मर्यादा कायदा केंद्रानं 1999 ला रद्द केला, आपल्या राज्यानं ते निरसन स्वीकारलं नोव्हेंबर 2007 मध्ये, आणि त्यानंतरही जुन्या प्रकरणांचे खटले कोर्टात चालूच राहिले.

कायदा बदलला तरी खिडकीपर्यंत तो आपणच न्यायचा असतो. तात्यांचा दस्त करायला गेलो तेव्हा "आमच्याकडं अजून आलं नाही" म्हणाले, मग राजपत्राची प्रिंट काढून तारखेवर हायलायटर मारून फाईलला लावली, त्या माणसानं चष्मा वर करून दोनदा वाचली आणि म्हणाला, साक्षीदार आणलेत का.