फॅट३२ची डिस्क एनटीएफएस केली आणि फायली हटेनात? आधीची आणि नंतरची तयारी

फॅट३२ आणि एनटीएफएस या डिस्कवर फायली मांडायच्या दोन पद्धती, आणि आतला डेटा न पुसता पहिलीवरून दुसरीवर नेणारी विंडोजची आज्ञा म्हणजे कन्व्हर्ट. तयारीतली सगळ्यात कामाची गोष्ट कन्व्हर्टच्या आधीच उरकायची असते, आणि नेमकी तीच राहून जाते. जे काढून टाकायचं आहे ते डिस्क फॅट३२ असतानाच काढा. फॅट३२ला मालकी, परवानगी हा प्रकार माहीतच नाही. फार तर फाइलवर रीड-ओन्ली, हिडन, सिस्टिम असे शिक्के असतात. ते उतरवले की कोणीही फाइल उडवावी. एनटीएफएस झालं की प्रत्येक फाइलला मालक मिळतो, कोणाला काय करता येईल याची यादी चिकटते, आणि कालपर्यंत मुकाट जाणारं फोल्डर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणून आडवं येऊ शकतं. मी आधी कन्व्हर्ट केलं, मग विंडोज नव्याने टाकलं आणि मग साफसफाईला बसलो. म्हणजे तिन्ही कामं उलट्या क्रमाने.

साफसफाई झाली की बॅकअप. कन्व्हर्ट ही एकेरी वाट आहे, फॅट३२वर परत यायचं तर फॉरमॅटच करावं लागतं. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर नको. त्यानंतर चेकडिस्क, म्हणजे डिस्कवरच्या चुका शोधणारी आज्ञा, दुरुस्तीचा स्लॅश एफ लावून. फाइल सिस्टिममधली जुनी गडबड आधी निस्तरली तर ती नव्या घरात सोबत येत नाही. ड्राइव्हवर मोकळी जागा ठेवा, कारण एनटीएफएसची सगळी मांडणी त्याच जागेत उभी राहते. ड्राइव्हचं लेबल, म्हणजे त्याला दिलेलं नाव, कागदावर लिहून ठेवा. कन्व्हर्ट ते विचारतं आणि चुकलं तर पुढे जात नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असू द्या. ड्राइव्ह फक्त तुमच्या फायलींचा असेल आणि परवानग्यांची कटकट नकोच असेल, तर कन्व्हर्टच्या आज्ञेच्या शेवटी ‘नोसिक्युरिटी’ हा स्लॅशवाला पर्याय जोडा. मग रूपांतर झालेल्या फायली सगळ्यांसाठी खुल्या राहतात. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

आता कन्व्हर्ट होऊन गेलंय आणि फायली हटत नाहीत, असं धरू. हत्यारं काढण्याआधी विंडोज नेमकं काय म्हणतंय ते शब्दशः लिहून घ्या. फाइल वापरात आहे, परवानगी नाही, फाइल सापडत नाही, नाव फार लांब आहे, या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही. ‘जबरदस्तीने डिलीट’ करणारी फुकट सॉफ्टवेअरं मी या टप्प्यावर उतरवत नाही. बहुतेक वेळा लागतच नाहीत.

फाइल वापरात आहे असं म्हणत असेल तर विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबमधल्या ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधचौकटीत फाइलच्या नावाचा तुकडा टाका. कोणी धरून ठेवलीय ते समोर येतं. व्हिडिओ असेल तर पुष्कळदा एक्सप्लोररचा प्रीव्ह्यूच गुन्हेगार निघतो. एकदा मी एका रिकाम्या फोल्डरशी अर्धा तास झटलो. शेवटी कळलं की ते माझ्याच कमांड प्रॉम्प्टने (आज्ञा टाइप करायच्या खिडकीने) धरलेलं होतं, कारण मी फोल्डर बदलायच्या सीडी आज्ञेने त्याच फोल्डरच्या आत जाऊन बसलो होतो. आधी बाहेर या, मग फोल्डर उडवा.

परवानगीचं प्रकरण जास्त खोल आहे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब उघडा आणि तिथलं ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा. मालकाच्या जागी नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारी आकड्यांची लांबलचक माळ दिसली, तर तो बहुधा जुन्या विंडोजमधला वापरकर्ता आहे. ते खातं आता नाही, पण फाइलवरचा त्याचा शिक्का तसाच आहे. नव्या विंडोजमध्ये तुम्ही तेच नाव घेतलंत तरी उपयोग नाही, कारण विंडोज नाव बघत नाही, तो आकडा बघतं. अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि दोन आज्ञा याच क्रमाने द्यायच्या. आधी टेकओन: स्लॅश एफ, फोल्डरचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत, मग स्लॅश आर आणि स्लॅश डी वाय. याने मालकी तुमच्याकडे येते. पण मालकी म्हणजे परवानगी नव्हे, ती आयकॅक्ल्सने घ्यायची: पत्ता, स्लॅश ग्रँट, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स कोलन एफ, स्लॅश टी. पहिली आज्ञा देऊन दुसरी विसरणारे ‘मालकी घेतली तरी हटत नाही’ म्हणून वैतागतात. आणखी एक बारकावा: फाइल काढायला फाइलवरचाच हक्क लागतो असं नाही, वरच्या फोल्डरवर ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’ हा हक्क असला तरी भागतं. म्हणून एकेका फाइलशी भांडण्याऐवजी वरच्या फोल्डरपासून सुरुवात करावी. मात्र या आज्ञा ड्राइव्हच्या मुळावर किंवा विंडोजच्या फोल्डरवर चालवायच्या नाहीत. पत्ता दोनदा वाचून मगच एंटर.

फाइल समोर दिसतेय आणि विंडोज म्हणतंय सापडत नाही, तर नावाकडे बघा. शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असेल, किंवा नावच कॉन, ऑक्स, पीआरएन, नल असं राखीव असेल, तर एक्सप्लोरर गोंधळतो. एनटीएफएसला या नावांचं वावडं नाही, विंडोजच्या नेहमीच्या वाटेला आहे. म्हणून ती वाट टाळायची: डेल आज्ञेत पत्त्याच्या आधी दोन उलट्या तिरक्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक उलटी रेघ लिहा, मग ड्राइव्हच्या अक्षरासकट पूर्ण पत्ता. लांब नावांची तक्रार पूर्ण पत्त्यावरच्या २६० अक्षरांच्या जुन्या मर्यादेची. मधल्या फोल्डरांना एकेका अक्षराची नावं द्या, काम होतं.

काही गोष्टी मात्र ओळखून ठेवाव्यात. ‘फाउंड’ नावाचं, पुढे टिंब आणि तीन शून्यं असलेलं लपलेलं फोल्डर म्हणजे चेकडिस्कने गोळा केलेले अनाथ तुकडे, आत सीएचके शेपटीच्या फायली. आधी बघून घ्या, एखादा हरवलेला फोटो निघू शकतो, मग अ‍ॅट्रिब आज्ञेने सिस्टिम आणि हिडनचे शिक्के उतरवून काढा. खूप जुन्या डिस्कवर ‘रीसायकल्ड’ फोल्डर सापडेल. एक्सपीच्या काळात कचरापेटीचं नाव फॅटवर रीसायकल्ड आणि एनटीएफएसवर रीसायकलर असायचं, त्यामुळे रूपांतरानंतर जुनी पेटी बेवारस पडून जागा अडवते. ती खुशाल काढा. ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ला हात लावू नका, तिथे रीस्टोअर पॉइंट असतात. ‘विंडोज डॉट ओल्ड’ हाताने उपटण्यापेक्षा डिस्क क्लीनअपकडून काढलेलं बरं.

नावात चित्रविचित्र अक्षरं, अशक्य वाटणारी तारीख किंवा ‘करप्टेड अँड अनरीडेबल’ असं काही दिसलं, तर डिलीटचा नाद सोडा आणि पुन्हा चेकडिस्क चालवा. नवी नवी नावं बिघडतच राहिली तर डिस्क बदलायची तयारी करा.

इतकं करूनही एखादी फाइल चिकटून राहिली तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) तयार ठेवा. तो विंडोजच्या परवानग्या जुमानत नाही. पण त्याआधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू व्हायची सोय) बंद करून संगणक पूर्ण शटडाउन करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपेत राहतं, आणि लिनक्सला तुमची एनटीएफएस डिस्क वाचता येते, पण तिच्यातलं काही पुसता येत नाही.