मध्यम की पंचम? कानाचा घोळ असा सुटला

सदाशिव पेठेत लहानपणी चार वर्षं पेटी शिकलो, तरी गिटार हाती घेतल्यावर कॉर्ड (एकदम वाजणारे तीन किंवा जास्त सूर) कानाने ओळखता येईनात. मोबाईलवरच्या सरावात दोन सुरांमधलं अंतर ओळखायचं असतं; तिथे सा-म वाजलं की मी खुशाल सा-प ठोकून द्यायचो. तासभर घोकलं तरी तेच.

चूक एका रात्री पेटीवरच सापडली. प ते तार सा वाजवलं, तर ते हुबेहूब सा-म! दोन्हीकडे 5 अर्धस्वर (काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर). सा-प मध्ये 7. मी अंतर ऐकतच नव्हतो, ओळखीचा सा शोधत होतो. तो हलला की गाडी घसरलीच. आता खालचा सूर कुठलाही असो, तोच सा धरतो, मनात सरगम म्हणत वर चढतो आणि मगच उत्तर देतो.

कॉर्डमध्ये फक्त गंधार पकडतो. भूप रागाचा शुद्ध, तर मेजर प्रकारची कॉर्ड. मालकंस रागाचा कोमल, तर मायनर. हा गंधार एरवी कॉर्डचा मधला सूर, म्हणून गुणगुणून बाहेर काढावा लागतो. स्वारगेटच्या बसमध्ये हे केलं की शेजारचे काका जरा सरकून बसतात. गंधार तळाला असलेली उलटी कॉर्ड मात्र अजून फसवते.